सुक्याबरोबर ओलं

सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्या घरात ऊबेसाठी लाकडं जाळायचा स्टोव्ह नसणार. ओलं धड जळत नाहीच, वर सुक्याची धगही खातं. पहिल्या हिवाळ्यात मी तेच केलं, नुकती तोडलेली लाकडं आणून कोंबली आणि स्टोव्ह रात्रभर फुसफुसत बसला, ओंडक्याच्या टोकाला पाण्याचा फेस, काच काळी ठिक्कर आणि मी स्वेटरवर स्वेटर चढवून समोर बसलेलो. शिव्या अर्थात स्टोव्हला घातल्या.

नंतर डोक्यात शिरलं की ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाणीच असू शकतं. म्हणजे 10 किलो सरपण आत टाकलं की आधी 5 लिटर पाण्याची वाफ करत बसायचं. बरं, तेवढ्यावर भागत नाही, त्या पाण्यापायी आग थंड पडते. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा म्हणजे तेच वायू जळत असतात, पण ते पुरते जळायला साधारण 600 अंश सेल्सिअस लागतात. तेवढी धग नसली की ते तसेच धूर होऊन वर जातात. म्हणजे धूर हे आपलंच सरपण, न जळता पळालेलं! आणि जाताना धुराड्यात डांबरासारखा थर चिकटवून जातं, तो कधीतरी पेटतो, मग सगळंच गरम.

दुसरी चूक कंजूषपणाची. लाकूड पुरावं म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करून झोपायचो. आग धुमसायची, म्हणजे परत धूरच. या बाबतीत अमेरिकेचा शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन माझा गाववाला म्हणायचा, त्याने 1740च्या दशकात स्टोव्ह बनवला, त्यात धुरातली उष्णता काढून घ्यायला धूर आधी खाली उतरवून मग वर सोडायचा बेत होता, पण गार झालेला धूर वर चढायला कां कूं करायचा. धुराड्यालाही थोडी ऊब द्यावी लागते हो.

आता आग वरून पेटवतो, जाड फोडी खाली, काटक्या वर. उलटं वाटतं पण धूर खरंच कमी होतो. लाकडं फोडून, जमिनीपासून उचलून, वर झाकण आणि बाजू उघड्या अशी रचायची आणि वर्ष-दोन वर्षं विसरायची. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला पाहिजे, त्याचा मीटर मिळतो, पण मला दोन फोडी एकमेकींवर आपटून बघायलाच आवडतं, सुकी टणकन वाजते, ओली नुसती बद्द.

आणि स्टोव्ह रंगात आला की भर थंडीत बाहेर जाऊन धुराड्याकडे बघून येतो. वर काहीच दिसत नसलं की मी खूश. आतून हाक येते, दार लाव आधी, सगळी ऊब बाहेर चाललीये.