तिथे आहे तरी काय?

भारतातून पाहुणे आले की एक दिवस मी त्यांना अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या आयलंड बीचला, समुद्रकाठच्या राज्य उद्यानाला, नेते. आमच्या एडिसनहून गाडीने सव्वा तास. परत येताना गाडीत प्रश्न ठरलेला असतो: "शेजारच्या सीसाइड हाइट्सला पाळणे, दुकानं, रोषणाई सगळं होतं. ते मागे टाकून या मोकळ्या वाळूवर दरवेळी का येता? तिथे आहे तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही सुमारे १६ किलोमीटर लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला बार्नेगाटची खाडी. पोहण्यासाठी नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर किनाऱ्यावर बांधकाम जवळपास नाहीच. न्यू जर्सीच्या समुद्राला लागून घरांची रांग बहुतेक कुठे तुटत नाही, मग ही पट्टी वाचली कशी? पोलाद उद्योगातले कार्नेगींचे भागीदार हेन्री फिप्स यांनी १९२६ मध्ये ती विकत घेतली, ती मोठं रिसॉर्ट उभारायलाच. थोडी घरं झाली, १९२९ ची मंदी आली आणि बेत तिथेच थांबला. पुढे १९५३ मध्ये राज्याने जमीन घेतली, १९५९ मध्ये लोकांसाठी खुली केली. म्हणजे आधी योगायोग होता, पण नंतर कुणीतरी जाणूनबुजून "इथे बांधायचं नाही" असं ठरवलं. मला त्या ठरवण्याचं फार मोल वाटतं.

आणि इथली आणखी एक गोष्ट म्हणजे गवत. वाळूच्या टेकड्यांवर गुडघ्याएवढं, वाऱ्यात सळसळणारं, दिसायला अगदी साधं. वाऱ्याने आलेली वाळू त्याच्या पात्यांत अडते. गवत त्या वाळूखाली गाडलं जातं आणि आणखी जोमाने वर येतं. असं करत करत टेकडी उंचावते, आत मुळांचं जाळं तिला बांधून ठेवतं. भरती-उधाण ते सोसतं. माणसाचं पाऊल मात्र नाही. तुडवलं की मरतं, आणि तिथून वारा टेकडी फोडतो. म्हणून जाण्यायेण्याच्या वाटा आखून दिल्यात, आणि मी पाहुण्यांना त्या वाटेवरून एक पाऊल बाहेर टाकू देत नाही. माझी आत्या गुहागरची. तिला काही समजवावं लागलं नाही. टेकडीकडे बघून म्हणाली, "आपल्या पुळणीवरची मर्यादवेल करते तेच काम हे करतंय." आणि आपणहून नातवाचा हात धरून त्याला वाटेवर घेतलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा सीसाइड हाइट्सचा रोलर कोस्टर समुद्रात जाऊन पडला. शेजारच्या वस्त्यांत लाटा रस्त्यांवरून घरांत शिरल्या. इथल्या टेकड्यांनीही मार खाल्ला, पुष्कळ वाळू गेली. पण टेकडीची वाळू परत साठते. गवत पुन्हा लावता येतं. मी स्वतः एका थंडीत इतरांबरोबर ते लावायला गेले होते: वीतभर खड्डा, दोन-तीन काड्या, पायाने वाळू दाबायची, पुढचा खड्डा. दिवसभरात लावलेलं ते दुसऱ्या दिवशी लांबून दिसतही नव्हतं.

आता जायचं कधी? जुलैत मुळीच नको. वारा जमिनीकडून वाहिला की खाडीच्या दलदलीतल्या चावऱ्या माश्या किनाऱ्यावर येतात, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची जागा भरली की फाटकही बंद होतं. सप्टेंबर उत्तम. समुद्र उन्हाळाभर हळूहळू तापलेला असतो, गर्दी ओसरलेली असते. मात्र जीवरक्षक नसतील तर पाण्यात उतरायचं नाही. इथे पाय ओढून नेणारे प्रवाह असतात. कोल्हा जवळ आला, कितीही गोड दिसला, तरी त्याला खायला द्यायचं नाही. तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावायचा नाही, अंग भाजल्यासारखं होतं.

दक्षिण टोकापर्यंत चालत गेलात तर इनलेटपलीकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते त्या तोंडापलीकडे, लाल-पांढरं बार्नेगाटचं दीपगृह दिसतं. खाडीच्या बाजूला खांबांवर काटक्यांची मोठाली घरटी असतात, ती मासे पकडणाऱ्या ऑस्प्रे पक्ष्यांची.

कोकणातल्या माणसाला इथे एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते: सूर्य समुद्रातून उगवतो. आत्या पहाटे ते बघून गप्प झाली होती. संध्याकाळी मी तिला पट्टी ओलांडून पलीकडे खाडीवर नेलं. दहा मिनिटांची वाट. तिथे सूर्य पाण्यात बुडत होता, गुहागरला बुडतो तसाच, आणि ती वाळूत बसून पूर्ण अंधार होईपर्यंत उठली नाही.