मुरुमांची ट्यूब आणि मेडिकलवाल्याचा सल्ला

चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधाने मुरुमं जातात का, असं ऑफिसातल्या मुली हल्ली मला विचारतात. साधी असतील तर बरीचशी जातात. पण ती ट्यूब हातात पडेपर्यंत काउंटरवर जो मनस्ताप होतो, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आईचा उपाय सहाणेवर उगाळलेलं जायफळ, मावशीचा मुलतानी माती. दोन्ही कॉलेजात असतानाच करून झालं होतं. या वेळी मला फक्त बेन्झॉईल पेरॉक्साईडची २.५ टक्क्यांची जेल हवी होती. मुरुमांतले जिवाणू ती मारते आणि अँटिबायोटिकसारखी त्यांना तिची सवय होत नाही. १० टक्के घेतली म्हणून चौपट गुण येत नाही, जळजळ तेवढी वाढते.

पहिल्या मेडिकलमध्ये नाव पुरतं सांगून व्हायच्या आत पोराने भलतीच ट्यूब पुढे सरकवली. "ताई, हे न्या. चार दिवसांत चेहरा साफ. सगळे हेच नेतात." खोका उलटून वाचला: मोमेटासोन, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन. म्हटलं, यातलं मोमेटासोन स्टेरॉईड आहे. "छे हो, स्किन क्रीम आहे." माझ्या शेजारच्या काकूंनी तेवढ्यात लेकीसाठी तीच घेतलीसुद्धा. चिठ्ठी कुणी विचारली नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉईडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. खोक्यावर तसं छापलेलंही असतं. चार दिवसांत चेहरा उजळतो हे खरं, कारण स्टेरॉईड लाली दाबून टाकतं. पुढे कातडी पातळ होते, लव वाढते, आणि क्रीम थांबवली की मुरुमं दुपटीने उसळतात. मग माणूस परत तीच ट्यूब घ्यायला येतो. दुकानाला आणखी काय हवं!

दुसरीकडे क्लिंडामायसिन मिळालं. "एकच असतं." एकच नसतं. ते अँटिबायोटिक आहे, आणि नुसतं तेच लावत राहिलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. तिसरीकडचे काका भले होते, पण "अडीच कोण ठेवतं, पाच न्या, स्ट्राँग आहे" म्हणाले. मग "उद्या मागवून ठेवतो", मग "संध्याकाळी या", मग "डिस्ट्रिब्युटरकडेच नाही". ऑनलाइनही तेव्हा 'आउट ऑफ स्टॉक'. ज्याला कंपोझिशन वाचता येत नाही त्याने काय करायचं, या विचाराने मी रस्ताभर चिडत होते.

शेवटी एका जुन्या दुकानात फार्मासिस्ट बाईंनी ड्रॉवर उघडला, ट्यूब काढली आणि विचारलं, "कोरडी पडते त्वचा, माहिती आहे ना? मॉइश्चरायझर आहे घरी?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढचं सरळ होतं. आधी एक दिवसाआड, मग रोज रात्री, वाटाण्याएवढी, पूर्ण भागावर पातळ थर. नुसत्या पुळीवर टिंब देऊन नवी पुळी थांबत नाही. सुरुवातीला गाल सोलले, आरशाचा राग आला. आठ ते बारा आठवडे द्यावेच लागतात, त्याआधी निकाल लावू नका. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश ब्लॅकहेड्सना बरा, पण त्याचं काम सौम्य. ॲडापलीन या मुरुमांवरच्या आणखी एका औषधाची ०.१ टक्क्यांची जेल अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि गरोदर असाल तर नकोच.

माझ्या बारीक पुळ्या गेल्या. जुने खड्डे तसेच आहेत, त्यांना ट्यूब काही करत नाही. आत दुखणाऱ्या मोठ्या गाठी असतील किंवा हनुवटीवर मुरुमं आणि पाळीही अनियमित असेल, तर मेडिकलच्या नादी न लागता त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

ट्यूब उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने त्यात बेन्झीन हे कॅन्सरकारक रसायन तयार होऊ शकतं. आणि उशीचे अभ्रे पांढरेच वापरा, ही जेल कापडाचा रंग उडवते. माझ्या मोरपंखी टॉवेलवरचे पिवळट डाग बघून आईने विचारलं होतं, "बाथरूम धुवायचं ॲसिड तोंडाला लावतेस की काय?"