नोटीस फाइलमध्येच पडून होती - आईच्या खर्चासाठी प्रांत ऑफिसात घातलेले आठ महिने

आधीच सांगते, हा सगळा त्रास टाळता आला असता, निदान निम्मा तरी. म्हणूनच लिहितेय. घरोघरी हेच चाललंय आणि नेमकं कुठे अडतं ते कोणी सांगत नाही.

अण्णा 2023 च्या गणपतीत गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. गावाला, सातारा जिल्ह्यात, दोन एकर बागायत, सगळा ऊस, आणि जुनं घर. गावाला दादा राहतो, मी मधली, बाहेर शहरात, आणि धाकटी बहीण. वारस नोंद ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करून झाली, त्यात काही अडलं नाही, सातबाऱ्यावर आई आणि आम्ही तिघं अशी चार नावं लागली.

फेब्रुवारी 2024 मध्ये आईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळपास गेलं. दादा म्हणाला इथे गावात कुठे फिजिओ मिळणार, तू घेऊन जा, आणि मी आणलं. ते मला जड नाही, आईच आहे माझी. पण नर्सिंग ब्युरोची चोवीस तासांची बाई 24 हजार, डायपर आणि औषधं 7, फिजिओ 6, असे महिन्याला 37 हजार जातात. धाकटी न सांगता दर महिन्याला पाठवते. दादाला म्हटलं उसाचं बिल तुझ्याच खात्यावर येतं, आईचा चौथा हिस्सा आहे त्यात, निदान तेवढे तरी पाठव. तर म्हणाला, "तुम्ही दोघी हक्कसोड द्या, आईचाही अंगठा घ्या, मग बघतो आईचं." मामा मध्ये पडले, वहिनी मामांनाच बोलली, तिथे संपलं.

हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, दिली नाही आणि बरं झालं नाही दिली. आईचा हिस्सा हाच आईचा आधार आहे, आणि खर्चाचा विषय हिश्श्याच्या विषयाला कधीच बांधू देऊ नका, दोन्ही पूर्ण वेगळे आहेत. कोणाला द्यायचीच असेल तर दस्तात "तहहयात सांभाळ व औषधोपचार करील" ही अट शब्दांत लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं (खाली सांगते) कलम 23 तेच बघतं. अट दस्तात नव्हती म्हणून सुप्रीम कोर्टात एक आई हरल्याचा निकाल डिसेंबर 2022 चा आहे, जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने कायदा जरा मोठ्या मनाने वाचा असं म्हटलं, पण निकालांच्या भरवशावर राहू नका, अट लिहा.

तर अर्ज. कायदा म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007, त्याखालचं न्यायाधिकरण म्हणजे आपले प्रांत (उपविभागीय अधिकारी). मुलगा दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी आई जिथे राहते तिथे अर्ज चालतो. कलम 17 मध्ये वकिलाला मनाई लिहिलेली आहे म्हणून अर्ज मीच लिहिला. आईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, मला अधिकार दिल्याचं पत्र, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, ब्युरोच्या पावत्या, आणि दादाचं उत्पन्न दाखवायला सातबारा, कारण पीकपाहणीत ऊस स्पष्ट दिसतो. 12 जून 2024 ला दाखल केला आणि पोच घेतली.

आता खरी गोष्ट.

22 जुलैला पहिली तारीख. आईला आणायची गरज नव्हती, पण मला ते माहीत नव्हतं, टेबलावर विचारलं तर "अर्जदार हजर हवा" एवढंच उत्तर मिळालं होतं. लिफ्ट बंद. आईला खुर्चीसकट दोन शिपायांनी आणि माझ्या नवऱ्याने दुसऱ्या मजल्यावर उचलून नेलं. त्या शिपायांना मी आजही विसरलेली नाही, चांगली माणसं. दीड तास बसलो, मग क्लार्क म्हणाले, जाबदार (म्हणजे दादा) गैरहजर, नोटीस बजावणी अहवाल आलेला नाही, पुढची तारीख. दोन मिनिटांत संपलं. आई खाली येईपर्यंत रडत होती आणि कशासाठी रडतेय ते तिला सांगता येत नव्हतं.

20 ऑगस्ट. आईला नेलं नाही. परत तेच, अहवाल नाही. विचारलं की कधी येईल, तर "तिकडच्या तहसीलकडून आला की येईल." मी तिकडच्या तहसीलला फोन लावला, एकदा नाही तीनदा, प्रत्येक वेळी आमच्याकडे असलं काही आलेलं नाही. हे क्लार्कना सांगितलं तर म्हणाले त्यांना नीट शोधायला सांगा.

24 सप्टेंबर. तिसरी तारीख, तेच वाक्य. कायद्यात 90 दिवसांत निकाल लिहिलाय, पण ते 90 दिवस मोजतात नोटीस बजावल्यापासून! म्हणजे नोटीस बजावली नाही तर घड्याळ सुरूच होत नाही, तुम्ही वर्षभर तारखा घेत बसा. हे मला कलम 5 तिसऱ्यांदा वाचताना कळलं आणि त्या दिवशी मी जिना उतरण्याऐवजी सरळ आवक-जावकच्या टेबलाकडे गेले. तिथल्या बाईंना केस नंबर दिला आणि म्हटलं नोटिशीचा जावक क्रमांक द्या, म्हणजे ती ऑफिसातून बाहेर गेल्याची नोंद. त्यांनी रजिस्टर जूनपासून पान पान बघितलं. नोंद नाही. फाइल मागवली. नोटीस सही-शिक्क्यासकट फाइलमध्येच, अर्जाच्या मागे टाचलेली. कुठे गेलीच नव्हती. अर्ज देऊन साडेतीन महिने झाले होते.

माझे हात थरथरत होते. क्लार्क म्हणाले वर्कलोड असतो मॅडम. वर्कलोड असतो हे मला मान्य आहे, पण तीन वेळा "अहवाल आला नाही" सांगताना एकदा फाइल उघडून बघायची होती ना. माझं ऐका, अर्ज दिल्यावर आठ दिवसांत जावक क्रमांक आणि तारीख मागा, वहीत लिहा, आणि रोजनाम्याची (त्या तारखेला काय झालं त्याच्या नोंदीची) नक्कल प्रत्येक तारखेला घ्या.

त्याच दिवशी साहेबांना लेखी अर्ज दिला की नोटीस हमदस्त, म्हणजे माझ्याच हाती पोचवायला, द्यावी. आधी दुसऱ्या जिल्ह्याला हमदस्त देत नाही म्हणाले, साहेबांनी फाइल बघितली आणि काही न बोलता सही केली. सीलबंद पाकीट घेऊन मी स्वतः तिकडच्या तहसीलला गेले, पोच घेतली. 9 ऑक्टोबरला तलाठी घरी गेले, वहिनीने घेणार नाही म्हणून सांगितलं, मग दोन पंच आणि पोलीस पाटलांसमोर दाराला चिकटवली आणि फोटो काढला. आमच्या घराचं ते दार, अण्णांनी सागवान आणून करून घेतलेलं. फोटो बघून मला फार लागलं, पण दुसरा रस्ता ठेवला नव्हता कोणी.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, प्रांतसाहेब निवडणुकीत, नोव्हेंबर संपेपर्यंत सुनावणी नाही. नोटीस जूनमध्ये गेली असती तर हे सगळं दसऱ्याच्या आत मिटलं असतं, आणि ते चार महिने आम्ही दागिने ठेवून काढले.

डिसेंबरपासून दादा मामांना घेऊन तारखांना यायला लागला. समेट झाला नाही. 3 फेब्रुवारी 2025 ला आदेश झाला, दादाने दरमहा 5 तारखेपर्यंत 8 हजार आईच्या खात्यावर भरायचे. 10 हजारांच्या वर द्यायचा अधिकारच त्यांना नाही, ही मर्यादा 2007 पासून तीच, आणि आज त्यात बाईचा अर्धा पगारही निघत नाही. तरी दादाचे पहिले 8 हजार आले त्या दिवशी मी आईला एसएमएस वाचून दाखवला, तिने माझा हात घट्ट धरून ठेवला बराच वेळ.

हो, अजून एक राहिलं, मूळ अर्जातच अंतरिम भत्त्याची मागणी लिहा. मी लिहिली नव्हती. केस चालू असताना तो मिळू शकतो.

मार्च, एप्रिल, मे वेळेवर आले. जूनचे आणि जुलैचे आलेले नाहीत. पैसे देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज दिला नाही तर त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही, म्हणजे जूनसाठी माझ्याकडे 5 सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. आई रोज संध्याकाळी दाराकडे बघून दादाच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणते. अर्ज टाइप करून ठेवलाय, सोमवारी देणार, आणि जावक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.