सराव परीक्षा कशासाठी?

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या सराव परीक्षांनी अभ्यास वाढतो, असे बहुतेक पालक धरून चालतात. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग वेळेचा अंदाज येण्यासाठी होतो. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात आणि प्रत्येकाला सारखेच 2 गुण असल्यामुळे, इंटिग्रेशनच्या एखाद्या किचकट उदाहरणाशी पाच-सहा मिनिटे झटापट करत बसलेला हुशार विद्यार्थीही पुढच्या सोप्या प्रश्नांना मुकतो. अडलेले उदाहरण सोडून पुढे जाण्याची सवय घरी वहीत गणिते सोडवून लागत नाही. शिवाय सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, जेईई मेनमध्ये मात्र 1 गुण वजा होतो. त्यामुळे दोन्ही परीक्षांना बसणाऱ्यांनी दोहोंचा सराव स्वतंत्रपणेच करायला हवा. सराव परीक्षेनंतर क्लासच्या गुणवत्ता यादीत मिळणाऱ्या क्रमांकाला मी तरी फारसे महत्त्व देत नाही.