टेम्ट इंटरप्ट नसलेल्या यूएआरटीवर आरएस-४८५: पॅच तपासताना काय बघायचं

आरएस-४८५ ही उपकरणं जोडणारी सीरियल लाइन, आणि तिच्यावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोन तारा, त्यांवर बत्तीसपर्यंत नोड, आणि ज्याचं बोलून झालं त्याने लगेच लाइन सोडायची. साध्या ८२५० जातीच्या यूएआरटीवर (बाइट एकेक बिट करून पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपवर) हे धरणं-सोडणं लिनक्सचा ड्रायव्हर आरटीएस पिनवरून करतो. ती पिन ट्रान्सीव्हरच्या, म्हणजे लाइनवर सिग्नल चढवणाऱ्या चिपच्या, डीईला (पाठवणं चालू करणाऱ्या पिनला) जोडलेली असते. पाठवण्याआधी चढवायची आणि शेवटचा बिट बाहेर पडला की उतरवायची. चढवण्यात काही अवघड नाही. उतरवायची नेमकी वेळ जी चिप सांगतच नाही, तिच्यासाठीचा बदल, म्हणजे पॅच, तपासायला आला तर तो कुठून कुठून ठोकून बघायचा, त्याबद्दल ही पोस्ट आहे.

आधी चिपच्या पोटात बघू. पाठवायचा बाइट दोन टप्प्यांतून जातो: आधी फिफो (बाइटांची रांग), मग शिफ्ट रजिस्टर (जिथून एकेक बिट वायरवर जातो). फिफो रिकामी झाली की लाइन स्टेटस रजिस्टरमधला टीएचआरई बिट चढतो, म्हणजे हेक्स २०. शिफ्ट रजिस्टरही रिकामं झालं की टेम्ट बिट चढतो, हेक्स ४०. गोची अशी की १६५५०ए मध्ये चालू-बंद करता येणारे इंटरप्ट चारच: डेटा आला, टीएचआरई, लाइनची चूक आणि मोडेमच्या पिना. टेम्टचा इंटरप्ट या यादीत नाही. बिट वाचता येतो, पण तो चढला हे कोणी येऊन सांगत नाही. ओमॅप घराण्यातल्या यूएआरटींमध्ये एक जादा कंट्रोल बिट आहे. तो लावला की पाठवण्याचा इंटरप्ट शिफ्ट रजिस्टर रिकामं झाल्यावरच येतो. बाकी बऱ्याच चिपांकडे अशी सोय नाही.

आता हेच ९६०० बॉडवर, एक स्टार्ट, आठ डेटा, एक स्टॉप अशा दहा बिटांच्या फ्रेमने करून बघा. एक बिट १०४ मायक्रोसेकंद, पूर्ण फ्रेम १,०४२ मायक्रोसेकंद. तुम्ही एकच बाइट लिहिला. तो जवळजवळ लगेच शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरतो, फिफो रिकामी होते, टीएचआरईचा इंटरप्ट येतो. ड्रायव्हर बघतो की पाठवायला काही उरलं नाही, म्हणून स्टॉप-टीएक्सला, म्हणजे पाठवणं थांबवणाऱ्या फंक्शनला, हाक मारतो. तिथे टेम्ट तपासला जातो. तो अजून शून्य, कारण अख्खी फ्रेम वायरवर जायची आहे. फंक्शन ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत फिरतं. पण इंटरप्टचं कारण वाचल्याबरोबर टीएचआरईची तक्रार मिटलेली असते आणि पुढचा बाइट लिहिल्याशिवाय ती पुन्हा उठत नाही. म्हणजे स्टॉप-टीएक्सला दुसऱ्यांदा बोलावणारं कोणी उरलंच नाही. आरटीएस चढलेलीच राहते, आपला ट्रान्सीव्हर लाइन धरून बसतो आणि समोरच्या मीटरचं उत्तर त्याच्यावर आदळून वाया जातं. बाहेरून दिसतं ते इतकंच: प्रश्न वायरवर अगदी स्वच्छ जातो, उत्तर मात्र कधीच मिळत नाही.

कर्नलमध्ये यावर २०२२ मध्ये आलेला उपाय मला पटतो, कारण तो चिपला जे येत नाही त्याचं सोंग आणत नाही. पोर्टच्या क्षमतांमध्ये ‘नोटेम्ट’ नावाचा एक झेंडा घातला. तो नसेल तर वागणं जुनंच. तो असेल, टीएचआरई चढलेला असेल आणि टेम्ट नसेल, तर परत फिरण्याऐवजी आरटीएस उतरवणारा टायमर एका फ्रेमच्या वेळेने लांबवायचा आणि वर त्या वेळेचा सातवा भाग जोडायचा. फ्रीस्केलच्या ६४ बाइट फिफोवाल्या १६५५०ए प्रकाराला हा झेंडा लागतो.

या सातव्या भागावर तपासणारा हमखास अडखळतो, म्हणून जरा थांबू. टीएचआरईनंतर जास्तीत जास्त एक फ्रेम उरायला हवी. पण आधीच्या बाइटचा स्टॉप बिट अजून चालू असतानाच टीएचआरई चढतो असं दिसलं आहे, त्यामुळे एक बिट वाढीव हवा. सर्वांत छोटी फ्रेम एक स्टार्ट, पाच डेटा, एक स्टॉप अशी सात बिटांची. तिचा सातवा भाग म्हणजे बरोबर एक बिट. मोठ्या फ्रेममध्ये तो एका बिटापेक्षा थोडा जास्त भरतो, आणि ते चालतं. ९६०० वर १,०४२ अधिक १४९, म्हणजे सुमारे १,१९१ मायक्रोसेकंद. १,१५,२०० बॉडवर ८७ अधिक १२, म्हणजे शंभरच्या आत. पॅचमध्ये याजागी ‘दोन मिलिसेकंद’ असा ठोकळ आकडा दिसला तर तिथेच थांबवा. १२०० बॉडवर अकरा बिटांची फ्रेम ९.२ मिलिसेकंदांची असते, तिला तो कमी पडेल. १,१५,२०० वर तो वीस फ्रेमांहून जास्त होईल.

जास्त थांबलं तर बिघडतं काय? कमी थांबण्याचं नुकसान लगेच कळतं: शेवटच्या बाइटची शेपटी तुटते, मॉडबसमध्ये (आरएस-४८५ वर चालणाऱ्या एका प्रोटोकॉलमध्ये) तो चूक ओळखण्याच्या सीआरसीचा बाइट असतो, समोरचा अख्खी फ्रेम फेकून देतो. जास्त थांबण्याचं नुकसान लपून राहतं. अर्ध-डुप्लेक्समध्ये पाठवणं संपलं की ड्रायव्हर फिफो पुसून मगच घेणं चालू करतो, पाठवताना आलेला कचरा जावा म्हणून. मॉडबस आरटीयूत उत्तराआधी साडेतीन अक्षरांची शांतता पाळायची असते आणि १९,२०० च्या वर ती १.७५ मिलिसेकंद धरतात. तुम्ही तोपर्यंत लाइन सोडली नाही तर उत्तराचे पहिले बाइट टकरीत तरी जातात, नाहीतर पुसले तरी जातात. पहिला बाइट म्हणजे पत्ता. तो गेला की उरलेल्या फ्रेमला अर्थ नाही.

म्हणून टायमर कुठल्या जातीचा आहे ते पॅचमध्ये बघाच. इथे एचआर-टायमर (बारीक वेळ मोजणारा, हाय रेझोल्यूशन टायमर) हवा, आणि कर्नलच्या कॉन्फिगमध्ये हाय रेझोल्यूशन टायमर चालू हवेत. ते बंद असतील तर एचआर-टायमरही जिफीच्या, म्हणजे कर्नलच्या ठरावीक घड्याळाच्या, ठोक्यावरच सुटतो. एचझेड (सेकंदाला ठोके) १०० असेल तर १० मिलिसेकंदांपर्यंत उशीर. असा बोर्ड असेल तर पॅच बरोबर असूनही उत्तरं हरवतील, आणि दोष पॅचवर जाईल.

दुसरा मार्ग काही जण काढतात: टेम्ट चढेपर्यंत लूप फिरवायचा. कन्सोलवर छापताना ड्रायव्हर तसं करतोही. पण इंटरप्टच्या वाटेवर पोर्टचा लॉक हातात असताना, इंटरप्ट बंद करून, ९६०० वर मिलिसेकंदभर आणि १२०० वर नऊ मिलिसेकंद फिरत राहणं मान्य करू नये. त्याची किंमत त्या सीपीयूवरचं बाकी सगळं काम मोजतं.

पॅचची ओळ न् ओळ वाचताना मी सर्वांत आधी लाइन स्टेटस रजिस्टर कुठे वाचलंय ते शोधतो. हे रजिस्टर वाचलं की ओव्हररन, पॅरिटी, फ्रेमिंग आणि ब्रेक या चुकांचे बिट पुसले जातात. ८२५० च्या कोडमध्ये त्यासाठी वेगळा हेल्पर आहे. तो वाचता वाचता हे बिट बाजूला जपून ठेवतो. कोणी टेम्ट बघायला सरळ रजिस्टरच वाचलं, तर चुकांची नोंद गुपचूप हरवेल आणि त्याचा संबंध या पॅचशी आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

त्यानंतर टायमर आणि नवीन डेटा यांची शर्यत. उतरवण्याचा टायमर चालू असतानाच ॲप्लिकेशनने पुढची फ्रेम लिहिली तर काय होतं? आधीचा कोड टायमर रद्द करायचा प्रयत्न करतो आणि ‘सध्या कुठला टायमर खरा’ हा पॉइंटर रिकामा करतो. टायमर तरीही सुटलाच तर हा पॉइंटर बघून गप्प परत जातो. टायमर आधीच धावत असेल तर एक अगदी अरुंद फट उरते, आणि कोडमधल्या टिपणीत ती कबूलही केली आहे. नव्या बदलाने थांबण्याची वेळ वाढली, म्हणजे या परिस्थितीत सापडण्याची संधीही वाढली. पॅचने हा पॉइंटर वगळून स्वतःचा वेगळा टायमर आणला असेल तर तो परत पाठवावा.

एक छोटी पण रोजची चूक: वेळ नॅनोसेकंदांत, ६४ बिटांत मोजली आणि तिला साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागलं, तर ३२ बिटांच्या एआरएमवर लिंक होतानाच बिल्ड फुटतो. फ्रेमची वेळ ३२ बिटांचीच आहे, तेव्हा भागाकार तिच्यावरच करावा आणि बेरीज ६४ बिटांत.

टीएचआरईचा अर्थ त्या चिपवर खरंच ‘फिफो रिकामी’ असाच आहे ना, हे डेटाशीटमध्ये उघडून बघा. डिझाइनवेअरच्या यूएआरटीत थ्रेशोल्डचा मोड लावला तर हाच बिट ‘फिफो भरली’ असं सांगू लागतो. तिथे एका फ्रेमचा हिशेब लागूच होत नाही.

चाचणीसाठी दोन मॅक्स४८५ चे मॉड्यूल, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर आणि लॉजिक ॲनालायझर पुरे. एक प्रोब डीआयवर (पाठवायचा डेटा), एक डीईवर, एक आरओवर (आलेला डेटा). १, १६, १७, ६४, ६५ असे बाइट पाठवा. शेवटच्या स्टॉप बिटाच्या शेवटापासून डीई उतरेपर्यंतचं अंतर मोजा. ते कधीच ऋण येता कामा नये, आणि ९६०० वर काही शेकडा मायक्रोसेकंदांच्या पुढे गेलं तर कारण शोधा.

ही चाचणी करताना ‘पाठवताना ऐकत राहा’ हा आरएस-४८५ चा पर्याय बंद ठेवा. तो चालू असेल आणि ट्रान्सीव्हरचा रिसीव्हर उघडा असेल, तर आपलाच शेवटचा बाइट प्रतिध्वनीसारखा परत येतो. फिफोची पातळी भरली नाही म्हणून सुमारे चार अक्षरांच्या वेळाने रिसीव्ह टाइमआउटचा इंटरप्ट येतो, हँडलर जाता जाता पाठवण्याची बाजूही तपासतो, तोवर टेम्ट चढलेला असतो आणि आरटीएस उतरते. म्हणजे पॅच नसलेल्या कर्नलवरही सगळं चालल्यासारखं दिसतं. ॲनालायझरवर डीई जवळपास चार अक्षरं उशिरा, ९६०० वर चारेक मिलिसेकंदांनी, उतरताना दिसली तर समजा की ती टायमरने उतरवलेली नाही.