एक जलधी, थोडी ओलसर

झिम्बाब्वेची १०० ट्रिलियन डॉलरची नोट घरी आणली, तेव्हा आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून शून्यं मोजली. चौदा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते ते, मालाच्या पट्ट्या म्हणजे विक्रीचे हिशेब लिहायचे. "ट्रिलियन-बिलियन मला सांगू नकोस," म्हणाले आणि बोटाच्या पेरांवर सुरू झाले. "अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी. एक जलधी आहे ही. मोडली तर काय येतं?"

मी सांगितलं, २०१५ साली तिथल्या सरकारने जुन्या नोटा परत घेतल्या, तेव्हा २५० ट्रिलियनला एक अमेरिकन डॉलर दिला. म्हणजे हिचे चाळीस सेंट.

"आणि तू किती मोजलेस?"

मी चहा टाकायला आत गेलो.

तेव्हापासून आमच्याकडे आण्णांचीच मापं चालतात. युगोस्लाव्हियाची १९९३ची ५०० अब्ज दिनारची नोट म्हणजे 'पाच निखर्ववाली'. तिच्यावर कवी झ्माय आहेत, पोरांसाठी कविता करणारे डॉक्टर. हंगेरीची १९४६ची दहा कोटी बी-पेंगोची नोट मात्र आण्णांच्या यादीत बसेना. 'बी' म्हणजे एकावर बारा शून्यं, त्याच्या दहा कोटी पट. हिशेब हजार परार्धांवर गेला, आणि पाढा तर परार्धालाच संपतो. वर नोटेवर शून्यं छापलेलीच नाहीत, सगळं अक्षरी. "अक्षरी लिहिणारा माणूस पक्का," एवढंच बोलले.

माझी लाडकी सगळ्यात स्वस्तातली: झिम्बाब्वेचा २००८चा १०० अब्जांचा ॲग्रो-चेक. नोट म्हणून चालायचा, पण त्यावर मुदत छापलेली, ३१ डिसेंबर २००८. दुधाच्या पिशवीवर असते तशी! जुलैत काढलेला पैसा डिसेंबरात शिळा.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली. आधी धान्याचे डबे माळ्यावर चढवले, मग देव. अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यातच राहिला. पाणी ओसरल्यावर नोटा वर्तमानपत्रात दाबून पंख्याखाली वाळवल्या. बाकीच्या बऱ्या निघाल्या, जलधीच्या कडेला मात्र गाळाची तपकिरी रेघ कायमची. नोटा विकणाऱ्या ओळखीच्याला फोटो पाठवला. त्याला कोरीच लागते. म्हणाला, आता निम्मेसुद्धा येणार नाहीत.

आण्णांनी नोट उजेडात धरली, रेघेवरून नख फिरवलं.

"जलधीत पाणी शिरलं," म्हणाले. "तूट किती धरायची, सांग. पट्टी करतो."