हिरड्याने फसवलं त्याची गोष्ट

माळा आवरताना जुनी लॅबची वही हाती लागली. एका पानावर लाल पेनाने माझंच अक्षर: "हिरडा – ९२ टक्के!!!" त्याखाली मॅडमचं बारीक अक्षर: "सेल्स नसलेली वेल कुठे आहे?" सेल्स म्हणजे पेशी, आणि वेल म्हणजे चाचणीच्या प्लेटवरचा छोटा खळगा.

तेव्हा मी पुण्यात एका प्रकल्पात सहायक होते. वनस्पतींचे अर्क एचआयव्हीला अडवतात का, ते तपासायचं. त्यासाठी टीझेडएम-बीएल नावाच्या पेशी वापरायचो. त्या मूळच्या हेला पेशी. १९५१ साली बाल्टिमोरच्या इस्पितळात हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या. त्यांच्यात पुढे विषाणूला शिरायला दारं बसवली आणि काजव्यात उजेड पाडणाऱ्या ल्युसिफरेजचं जनुक घातलं. विषाणू आत शिरून टॅट हे प्रथिन बनवू लागला की ते जनुक चालू होतं. ४८ तासांनी रसायन घातलं की पेशी उजळतात. डोळ्यांना दिसत नाही, यंत्र आकडा देतं. उजेड जास्त तर विषाणू जोरात, उजेड कमी तर औषध लागू पडलं.

निदान मला तेव्हा तसंच वाटायचं.

९६ खळग्यांची प्लेट. कडेच्या वेल लवकर सुकतात म्हणून त्यांत नुसतं मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव. एका रांगेत फक्त विषाणू, एका रांगेत एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध, बाकी माझे अर्क. हिरड्याच्या रांगेत उजेड ९२ टक्क्यांनी घटला. पण मेलेली पेशीही उजळत नाही, म्हणून जोडीला एमटीटीची प्लेट लावतात: जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात. हिरड्याची ती रांगही गडद जांभळी! विषाणू बंद, पेशी धडधाकट. दुपारी आईला फोन केला. ती म्हणाली, "मी म्हणतच होते ना, हिरडा म्हणजे दुसरी आई."

मॅडमनी आकडे बघितलेच नाहीत. "अगं, नुसत्या अर्कात एमटीटी टाकून बघ." टाकलं. एकही पेशी नाही, तरी तासाभरात जांभळं. हिरडा टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेला असतो, ते एमटीटीला परस्परच रंगवतं. मग प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर पेशी गोल होऊन तरंगत होत्या. पुढच्या वेळी अर्क धुऊन काढला आणि मगच एमटीटी घातलं. ज्या मात्रेला विषाणू निम्मा होत होता, जवळपास त्याच मात्रेला पेशीही निम्म्या मरत होत्या. या दोन मात्रांचं गुणोत्तर, म्हणजे सिलेक्टिव्हिटी इंडेक्स, एकाच्या आसपास. म्हणजे विषाणू अडवला नव्हता, त्याचं घरच पाडलं होतं.

माझ्या प्लेटवरच्या त्या एझेडटीची कथा उलटी. जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ साली डेट्रॉइटमध्ये कर्करोगासाठी ते बनवलं, चाललं नाही, बाजूला पडलं. वीस वर्षांनी बरोज वेलकम या औषध कंपनीत मार्टी सेंट क्लेअर यांनी ते उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर (एचआयव्हीच्याच कुळातले विषाणू) लावलं, तर प्लेट इतकी स्वच्छ की आपण विषाणू घालायलाच विसरलो की काय, अशी त्यांना शंका आली. १९८५ मध्ये बेथेस्डाला, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, मित्सुया आणि ब्रोडर यांनी ते खऱ्या एचआयव्हीवर तपासलं. त्यांच्या चाचणीतल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) विषाणूने मरायच्या, त्यामुळे जगलेली पेशी हाच पुरावा. १९८७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी. मला मित्सुया-ब्रोडर यांची ती पद्धत जास्त आवडते. पेशी मारणारं रसायन तिथे औषधाचं सोंग घेऊ शकत नाही.

आमच्या पद्धतीला आणखी एक डोळा कमी होता. टॅट बनून गेल्यावर काम करणारी औषधं, उदाहरणार्थ विषाणूचं प्रोटीएज हे विकर रोखणारी, विषाणूच्या एकाच फेरीच्या चाचणीत जवळजवळ दिसतच नाहीत. मॅडमना हे विचारलं तर म्हणाल्या, "आधी आहे ते नीट कर."

आईला आठवडाभर काही बोलले नाही. तिनेच विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "तू तो मिथेनॉलमध्ये काढलास ना? मग कसा चालेल?"

पुढच्या पानावर बेहडा आहे. सेल्स नसलेल्या तीन वेल, तिन्हींना लाल गोल.